गरम नाल्याच्या तोंडाशी

ओहोटी. प्लांट वर.

पुनवेच्या सांजेला पहिला मासा वर आला तेव्हा कृष्णाबाईला वाटलं, उडी मारली. जिताडा उडी मारतोच. पण हा परत खाली गेला नाही. आडवा पडून राहिला, तोंड उघडं, पोट आभाळाकडे.

मग दुसरा.

मग मोजायचं कारण उरलं नाही. मासे पाळायच्या चार पिंजऱ्यांतला, प्लांटच्या गरम नाल्याच्या सर्वांत जवळचा पिंजरा दिवे लागेपर्यंत पांढरा झाला. पलीकडे, खाडीच्या काठावर, कोळशावर वीज बनवणाऱ्या प्लांटचे दिवे लागले. अलीकडे कृष्णाबाईच्या घरातलाही लागला. तिचा नवरा बुधाजी होडीत उभा राहून पाण्यात हात घालत होता आणि काढत होता, घालत होता आणि काढत होता, जसा आंघोळीचं पाणी बघतो माणूस.

"चटका बसत न्हाय," तो म्हणाला. "पण यांना बसतो."


भरती. प्लांट खाली.

दुपारी खाडी काठोकाठ असते, प्लांट अर्धा झोपलेला असतो, आणि राहिलेल्या तीन पिंजऱ्यांतले मासे अशा ऐटीत फिरतात की काही झालंच नाही.

मृणाली, त्यांची मुलगी, प्लांटच्या लॅबमध्ये कंत्राटावर आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान घेणं हे तिचं काम. तिने बापाला समजावलं होतं, एकदा नाही, जेवताना, होडीत, मोटारसायकलवर मागे बसून वाऱ्यात ओरडून. पूर्वी प्लांट रात्रंदिवस एकाच जोरात चालायचा. आता दिवसा सोलरची वीज इतकी येते, इतकी स्वस्त, की भर उन्हात कोळशाची वीज कोणी विचारत नाही. मग प्लांट खाली आणायचा, विझू नये इतपत. ऊन कललं की सोलर जातो. तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी, आणि तेव्हा सगळ्यांना कोळसा आठवतो. प्लांट भराभरा वर चढतो, आणि तितकंच गरम पाणी नाल्यातून खाडीत येतं.

सोलर चांगलाच आहे, असंही ती म्हणाली. राख नाही, धूर नाही. छपरावर वाळत घातलेल्या सुकटीवर काळी भुकटी बसायची ती आता कमी बसते, हे आईनेही कबूल केलं होतं.

"मग वाईट काय हाय?" बुधाजीने विचारलं होतं.

वाईट असं कुठेच सापडत नव्हतं. हीच अडचण होती.

अमावास्या आणि पुनव, या दोन तिथींना उधाणाची भरती दुपारी येते आणि सांजेला खाडी पार तळाला जाते. दिवे लागायची वेळ आणि पाणी नसायची वेळ एक होते. गरम पाण्यात मिसळायला गार पाणीच उरत नाही. हे जुळणं चंद्राचं आणि पंख्यांचं. त्यात कुणाला बोल लावायचा?

पिंजरे दुसरीकडे न्यायचे तर दुसरीकडे चिखल. ओहोटीला पाणी धरून ठेवणारा एकच डोह राहिलाय, नाल्याच्या तोंडाशी. पूर्वी प्लांटचे दोन पंप मिळून पाणी सोडायचे, त्या जोराने डोह लांबवर खणला जायचा. वर्षभरापूर्वी खर्च कमी करायला एक पंप बंद झाला. कोळशाची वीज महाग पडते म्हणून पंपालाही जपून वीज. प्रवाह मंदावला, डोहाचा बाहेरचा भाग गाळाने भरला, आणि बुधाजीने पिंजरे आत ओढत ओढत पार तोंडाशी आणले. मासे आत्ताच काढून विकायचे तर अजून अर्ध्या वजनाचे आहेत. अलिबागचा व्यापारी म्हणाला, एवढाल्यांना मी काय करू, पावसाच्या आधी मोठे आण.

मोठे व्हायला हवेत तर जगायला हवेत. जगायला हवेत तर अमावास्या टळायला हवी.

अमावास्या


मधली वेळ.

टळत नसते. पण अडलेलं काम सुटतं कसं, हे बुधाजीला ठाऊक होतं.

खारेपाटात, खाडीकाठच्या या गावांत, घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळतात तो फक्त खायला नाही. त्याच्या बापाने बांधाची उघाडी, खाडीचं पाणी अडवायची झडप, दुरुस्त करून घेतली ती सरकारी साहेबाला दिलेल्या एका जिताड्यावर. त्या उघाडीच्या फळ्या बदलताना साहेब स्वतः छत्री घेऊन उभा होता. बुधाजीने स्वतः काय काय सोडवलं ते सांगायचं नसतं. पद्धत अशी: सगळ्यांत मोठा निवडायचा. ओल्या गोणपाटात गुंडाळायचा. मागच्या दाराने जायचं. द्यायचा आणि कामाचं बोलायचं नाही. साहेब विचारेलच, काय काम होतं. म्हणायचं, काम कसलं, आठवण आली. दुसऱ्या खेपेला बोलायचं. पहिल्याच खेपेला बोललं तर तो मासा राहत नाही, लाच होते. काम झालं की आणखी एक न्यायचा. तोही मुकाट.

कृष्णाबाईला ही पद्धत लग्नापासून आवडत नव्हती. तिचं म्हणणं, तोंड दिलंय कशाला.

मृणालीने निराळंच सांगितलं. प्लांट किती चालवायचा हे साहेब ठरवत नाहीच. मुंबईच्या पलीकडे एक ऑफिस आहे, तिथे सगळ्या प्लांटांची यादी दरानुसार लागते, स्वस्त आधी, महाग मागून. तिथून आकडा येतो आणि इथे तेवढा लोड उचलायचा.

"साहेबाला सांगून लोड थांबत नाही, बाबा."

"त्या यादीवाल्याचं नाव काय?"

"नाव नसतं. कम्प्युटर लावतो."

बुधाजी म्हणाला, कम्प्युटरजवळ कोणीतरी बसत असेलच ना. ती हसली, आणि लगेच तिला हसल्याचं वाईट वाटलं.

तो गेला तो शिफ्ट इंजिनिअरकडे. देशकर साहेब, वर्ध्याकडचे, होळीनंतर बदलून आलेले, कॉलनीत एकटेच राहणारे. मागच्या दाराशी गोणपाट सोडलं तेव्हा जिताड्याने शेपूट आपटून साहेबांचा पायजमा भिजवला. साहेब दोन पावलं मागे सरले. त्यांनी विचारलं, हा पाळायचा असतो का.

मग बुधाजीनेच तो त्यांच्या मोरीत साफ केला, तुकड्या पाडल्या, हळद-मीठ लावून ठेवला, आणि कालवणाला कोकम किती ते दोनदा सांगितलं. साहेब बाजूला स्टुलावर बसून बघत होते. चांगला माणूस. आईला फोन लावून मासा दाखवला. मग विचारलंच, ते विचारतातच.

"काका, काही काम होतं का?"

बुधाजीच्या घशात सगळं तयार होतं. अमावास्येला सांजेला, खाडी उतरल्यावर, थोडा वेळ, फक्त पाणी परत चढेपर्यंत, लोड जरा

"काम कसलं, साहेब. आठवण आली."

साहेबांनी विचारलं, जिताडे कुठे आहेत तुमचे. नाल्यापाशी, एवढंच तो म्हणाला. त्यात काही मागणं नव्हतं. साहेब म्हणाले, अरे, मग गरम पाण्याचा त्रास होत असेल. तो नुसता हसला. हसणंही पद्धतीतच बसत होतं.

घरी आल्यावर कृष्णाबाईने विचारलं, काय बोललात.

"पुढच्या खेपेला."

"पुढची खेप अमावास्येच्या आधी हाय का नंतर?"

आधी. उद्याचा एक दिवस मध्ये होता. पण दुसऱ्या दिवशी साहेब अलिबागला मीटिंगला गेलेले, संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. कॉलनीच्या फाटकावर बसून बुधाजी परत आला. फोन नंबर मृणालीकडे होता. फोनवर असलं काही मागतात का?

"गुळणी धरून बसलात तिथं," कृष्णाबाई म्हणाली.


ओहोटी. प्लांट वर.

अमावास्या.

ऊन कललं. खाडी मागे सरत सरत गेली आणि सगळा काठ उघडा पडला, खेकड्यांची भोकं, बाटल्या, एक चप्पल. फक्त डोहात पाणी. डोहात तीन पिंजरे, पिंजऱ्यांवर निळी पिंपं, पिंपांवर बगळे.

बुधाजीने सकाळीच आणलेला बर्फ गोण्यांत भरून पिंजऱ्यांच्या कडेला टांगला होता. तो केव्हाच विरघळला होता. कृष्णाबाई आणि तो होडीत, मृणाली ड्युटी संपवून थेट काठावर, प्लांटचा निळा शर्ट तसाच अंगात.

पलीकडे चिमणीच्या तोंडाशी धूर जरा दाट झाला. चढायला लागला.

मृणालीचा फोन वाजला. तिने ऐकलं. तिचा चेहरा असा उजळला की आईने विचारलंच, काय गं. तिने स्पीकर लावून फोन त्यांच्याकडे धरला.

"काका, देशकर बोलतोय. त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं. आज मी दुसरा पंप चालू केलाय. पाणी डबल, म्हणजे गरमी अर्धी. वर काय सांगायचं ते मी बघतो. मासे सांभाळा."

बुधाजीने दोन्ही हात जोडले. फोनसमोर, काठाकडे तोंड करून. त्याचे डोळे भरले आणि त्याने कृष्णाबाईकडे बघितलं, बघितलंस, या नजरेने.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नाल्याकडे बघत होती.

पाणी आलं.

ते ऐकू आलं आधी. नाल्याच्या सिमेंटच्या तोंडातून दोन पंपांचं पाणी, समोर भरलेली खाडी नाही, जिरवायला काही नाही, थेट डोहात, डोहात जे काही आहे त्यावर. पहिल्या पिंजऱ्याचे दोर ताठ झाले. बगळे उडाले. जाळ्यांना पोटं फुगली, सगळ्या पिंजऱ्यांना एकाच बाजूला, आणि आतले सगळे मासे त्या बाजूच्या जाळ्यावर जाऊन चिकटले, एकावर एक, कल्ले दाबलेले. जाळ्याची भिंत झाली, भिंतीत डोळे.

"बंद करायला सांग," बुधाजी म्हणाला. "बाय, बंद कर म्हण त्याला."

फोन. वाजला, वाजला, उचलला. तिने सांगितलं, भराभर, सर, प्रवाह, सर, पिंजरे तोंडाशी आहेत, सर. पलीकडे घंट्या वाजत होत्या आणि कोणीतरी आकडे ओरडत होतं. देशकरांचा आवाज कोरडा पडला.

"आता नाही काढता येत, मृणाली. लोड चढतोय. पंप काढला तर युनिट बंद पडेल. मला का नाही सांगितलं कुणी?"

का नाही सांगितलं.

कृष्णाबाई होडीतून उतरली. छातीएवढं पाणी तिला ढकलत होतं, ती दोराला धरून गेली, हातात कोयता. तिने पहिलं जाळं वरपासून खालपर्यंत फाडलं, मग दुसरं. बुधाजी ओरडला नाही. तोही उतरला आणि त्याने तिसरं फाडलं. दोघं नवराबायको आपलंच जाळं कापत होती आणि जे मासे हलत होते ते त्यांच्या मांड्यांना घासून बाहेर जात होते, पण जे हलत नव्हते ते जास्त होते.

पाणी खरंच गार होतं.

हे तिच्या लक्षात आलं आणि तिला ते कुणालाही सांगावंसं वाटलं नाही.


भरती. प्लांट खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडी परत काठोकाठ. फाटलेली जाळी पाण्यात गवतासारखी हलत होती.

तिसऱ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाळ्याची घडी पडून एक खिसा तयार झाला होता. त्यात एक जिताडा होता. जिवंत. चांगला हातभर.

बुधाजीने तो काढला. ओल्या गोणपाटात गुंडाळला. कृष्णाबाई काठावर बसून बघत होती, काय करतोय हा.

"काम केलं ना त्याने," तो म्हणाला. "द्यायला पाहिजे."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं म्हणत होता. आपल्या वाटणीची अर्धी पद्धत उरली होती आणि ती पुरी करण्यापलीकडे त्याच्याजवळ आज काहीच नव्हतं. गोणपाटात मासा थरथरत होता.

कृष्णाबाई उठली. तिने गोणपाट त्याच्या हातातून घेतलं.

"तुम्ही बसा. मी जाते. मी बोलणार हाय."

बांधावरून कॉलनीकडे जाताना तिने वाक्य जुळवायला घेतलं. इतकी वर्षं ती नवऱ्याला सांगत आली होती, तोंड उघडा. आता तोंड तिचं होतं.

साहेब, तुमची चूक न्हाय.

हे नको. मग कोणाची, विचारील.

साहेब, सांजेला प्लांट खाली ठेवा. पण सांजेला तिच्याही घरात दिवा लागतो. साहेब, दुपारी चालवा. दुपारी सोलर आहे, सुकटीवर काळं बसत नाही. साहेब, एकच पंप ठेवा. साहेब, दोन्ही ठेवा. साहेब, पुनव येतेय. तिने प्रत्येक वाक्य फाटकापर्यंत नेलं आणि प्रत्येकाला पलीकडून कोणीतरी बरोबर उत्तर देत होतं.

काखेत गोणपाट ओलं होतं. मासा आता फारसा हलत नव्हता.

फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, मावशी, कोणाकडे? काय काम आहे?

"काम," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य शोधू लागली.