शहाण्णव वर्षांचा पूर्वज

"सिस्टर, ही एक नाही, दोन माणसं आहेत," कारकुनाने दोन्ही जुन्या वह्या तिच्यासमोर सरकवल्या. "एक आजोबा, एक नातू. आजोबांचं नाव नातवाला ठेवलंय."

हॉस्पिटलातली दुपारची ड्यूटी बदलून घेऊन ती तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आली होती. तिच्या धाकट्या भावाच्या छातीत महिन्याभरात तीनदा कळ आली होती, पण हा पंप दुरुस्त करणारा गडी दवाखान्याची पायरी चढेल तर शपथ. "आपला पूर्वज शहाण्णव वर्षं जगला, ताई. मरेपर्यंत नांगर धरला त्याने. तेच रक्त आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. घराण्यात कुणी असं अचानक गेलंय का, असं तिच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. वडील अपघातात गेले, आजोबा तापाने. त्याआधीच्या पिढ्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ही खटपट.

कारकुनाने त्या जोडीतल्या आजोबांच्या नोंदीवर बोट ठेवलं. मृत्यू सन १८८०, वय बेचाळीस. शेतात नांगर धरला असता छातीत कळ येऊन जागीच. नातूही त्रेपन्नाव्या वर्षी तसाच गेला होता.

घरातली वंशावळ तिनेच लिहिली होती, चौदा वर्षांची असताना, काकांच्या चिठोऱ्यांवरून. एकच नाव दोनदा आलेलं पाहून काकांचा हात चुकला असं तिला वाटलं. मग आजोबाचा जन्म आणि नातवाचा मृत्यू घेऊन तिने शहाण्णव वर्षांचा एकच माणूस केला, आणि मधला, म्हणजे नातवाचा बाप, कुठे बसेना म्हणून त्याला त्याच्या भावांच्या ओळीत ढकललं. अक्षराचं सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी फ्रेम करून भिंतीवर लावली, आणि भाऊ त्या फ्रेमखाली जेवून लहानाचा मोठा झाला. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"या आजोबांच्या मागे शेत कुणी केलं?" तिने विचारलं.

"त्याच वर्षी कसणार म्हणून बायकोचं नाव लागलंय. पुढची अकरा वर्षं तीच."

ती तशीच भावाच्या वर्कशॉपवर गेली. तो पंपाची मोटार उघडून बसला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. दोघांचा एक मीच केला."

त्याने हाताचं ग्रीस पुसलं.

"बेचाळीस. म्हणजे माझंच वय की."

"हो."

"मग राहिलेलं शेत कुणी नांगरलं?"

"बायकोने. नाव तिचंच आहे."

"तिला येत होतं?"

"ते नाही लिहिलेलं."

त्याने मान हलवली. "येतो दवाखान्यात."

"आत्ता चल. रिक्षा बाहेर उभी आहे."

"थोडं थांब, ताई." त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली. भावजय पदराला हात पुसत आली. नणंदेचा चेहरा पाहून ती दारातच थबकली.

"बस इथे," त्याने स्टूल पुढे ओढलं आणि पाना तिच्या हातात दिला. "हे चार बोल्ट. समोरासमोरचे आधी सैल करायचे. एकदम पूर्ण काढायचा नाही एकही."

"मला कशाला हे?"

"कर तर खरं."

पहिला बोल्ट जागचा हलेना. त्याचा हात सवयीने पुढे आला, मग त्याने तो मागे घेतला. ती दोन्ही हातांनी जोर लावत राहिली.