पंपावरची रजई

ब्रुनोनने दोन्ही हातांनी जोर लावून ओढली, तेव्हा कुठे रजई यंत्रावरून सुटली. गोठून ती फळीसारखी कडक झाली होती. खाली पंख्याची पाती बर्फात रुतलेली होती.

एल्फ्रिदा आजी काळा कोट घालून उंबऱ्यात उभी होती. नवरा अलॉइझ जाऊन चार दिवस झाले होते. त्याची फुफ्फुसं खाणीने केव्हाच खाल्ली होती, पण रिब्निकचे डॉक्टर म्हणाले, शेवटी थंडीच बाधली. त्याला धूर नको म्हणून शेगडी काढून घर गरम करणारा हा हीट पंप घराबाहेर बसवला होता. बसवणारा ब्रुनोनच. पहिला बर्फ पडला आणि घर दिवसेंदिवस गार होत गेलं.

"रजई कुणी घातली, आजी?"

"मीच. विहिरीच्या पंपाला नाही का आपण दरवर्षी गोणपाट बांधत? तर अलॉइझ म्हणाला, गोणपाटाने काय होतंय, माझी रजई घाल. तीस वर्षं जमिनीखाली काढली, मला कसली थंडी! ते बिचारं आपल्यासाठी बाहेर कुडकुडतंय." ती थांबली. "खरं सांग. रजईनेच बिघडला का रे?"

बाहेरच्या हवेतली ऊब ओढून यंत्र घरात आणतं, हे ब्रुनोनने सांगितलं होतं. "बर्फात कसली ऊब? जा, थापा मारू नकोस," असं म्हणून म्हातारा खोकेस्तोवर हसला होता. पण हवा कोंडली की यंत्र गोठतं, झाकू नका, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

"छे हो! आतला एक भागच खराब आला होता. रजईचा काय संबंध?"

आजीचे खांदे सैल पडले. "चार दिवस घास उतरला नाही रे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि कोमट पाण्याने बर्फ वितळवला. तासाभराने पंखा फिरू लागला.

आजी आत जाऊन कवेत न मावणारी दुसरी रजई घेऊन आली.

"ही माझी. त्याची ओली आहे ना. घट्ट बांध, माझ्याने गाठ बसत नाही आता."

ब्रुनोन रजईकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. या वस्तीत खाणीवरून कुणी गेल्याची बातमी घेऊन येणारे दारात टोपी तशीच काढायचे. आजीने रजई छातीशी धरली आणि ती त्याच्या टोपीकडे पाहू लागली.