माफी मागेल त्याचा चहा

“आणि मोबाईल घावला कुठं?” मोनानं विचारलं.

“फ्रीजात. मेथीच्या जुडीखाली,” म्हणत मेहमुदा उठली आणि उगाच खिडकी उघडायला गेली.

शिकवणीवर्गाची ती खोली हसण्यानं दणाणली. दर रविवारी सकाळी इथं एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास असलेली सात-आठ मोठी माणसं जमत. शाळेत धांदरट, घरी बेजबाबदार अशी बोलणी खात चाळिशी गाठलेली. आपल्या फजित्या सांगून पोटभर हसायचं, हे सुख त्यांना उभ्या कोल्हापुरात दुसरीकडे कुठं नव्हतं. जन्मभर माफ्या मागून सगळेच विटलेले, म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात नियम लिहिला होता: माफी मागेल त्याचा चहा. अक्षर मेहमुदाचंच.

तो फोन कुणाला करायचा राहिला, ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं. गटातल्या विश्वजितला ते माहीत होतं आणि तोही हसत होता. तिला तेच सोसवेना.

गटात आठवण करून द्यायच्या जोड्या लावलेल्या होत्या. एकाचं काम असलं की दुसऱ्यानं वेळेवर फोन करायचा. गुरुवारी कोडोलीत विश्वजितच्या मुलीचा साखरपुडा होता. नवरा-बायको वेगळे झाल्यावर सहा वर्षांनी लेकीनं बापाला बोलावलं होतं, अकराला या, माझ्याशेजारी बसायचंय म्हणून. मेहमुदानं आठ वाजता फोन करून एवढंच म्हणायचं होतं, “हातातलं ठेवा, चप्पल घाला, निघा.” आठला पाच कमी असताना तिनं मोबाईल हातात घेतलाही होता. तेवढ्यात दारात भाजीवाला ओरडला.

इकडे विश्वजित सातलाच शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्तीला उघडून बसला होता. त्यानं मान वर केली तेव्हा बारा वाजून गेले होते.

बैठक उठली तशी ती त्याच्याजवळ गेली.

“दादा, तुम्ही पोचला तवा…”

“खुर्च्या गोळा करत होते. माझ्या जागंवर तिच्या मामाला बसवल्यालं.”

“ती काय म्हणाली?”

“काय न्हाय. जेवून जावा म्हणाली.”

“लग्नाला मी आदल्या दिवसापास्नं फोन करते. तासातासाला करते. तुम्ही फक्त तारीख सांगा.”

विश्वजितनं पिशवीची चेन लावली, परत उघडली.

“तारीख मला कळवल्याली न्हाय, ताई.”

काळजी असती तर आठवलं असतं, असं मेहमुदाला नवऱ्यानं हजारदा ऐकवलं होतं. हजारदा ती त्यावरून भांडली होती. आज मात्र ते तिला खोटं ठरवता येईना.

“चुकलं माझं, दादा. माफ करा मला.”

“चहा!” दारातून मोना टाळी वाजवत ओरडली आणि तिच्यामागं सगळ्यांनी गिल्ला केला. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

मेहमुदा जिना उतरून टपरीवर गेली.

“आठ द्या. त्यातला एक बिनसाखरेचा.”

तो सरमिसळ होऊ नये म्हणून त्या ग्लासाभोवती तिनं कागदाची घडी गुंडाळली. वर आल्यावर पहिला तोच विश्वजितच्या हातात दिला.

त्यानं एक घोट घेतला. टोमणा मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

“बिनसाखरेचा,” तो म्हणाला. “ध्यानात ऱ्हायलं की तुमच्या.”