एकशे एक कड्या

सभाघराचा सांगाडा उभा करायच्या आदल्या सकाळी असाहेल थर्लोने आपली मोजणीची साखळी गवतावर पसरली आणि तिच्या कड्या मोजल्या. गरज काहीच नव्हती. पायाच्या तुळया बरोबर आहेत का, हे पाहायला तो लाकडी गज घेऊन आला होता. सहज साखळी गजाशी लावली, तर ती वीतभर जास्त भरली.

साखळीत शंभर कड्या असतात आणि दर दहा कड्यांवर पितळेचा बिल्ला असतो. तिसऱ्या आणि चौथ्या बिल्ल्यांच्या मध्ये अकरा निघाल्या. त्याने तीनदा मोजल्या. मग त्याला लोहार मायका आठवला. गावाची मोजणी निम्म्यावर आली असताना साखळी एका बुंध्यात अडकून तुटली होती. मायकाने नवी कडी घातली आणि वाकलेली जुनी कडीही सरळ करून पुन्हा जोडून दिली. वर म्हणाला होता, आता जन्मात तुटायची नाही.

सगळं गाव याच लांब साखळीने मोजलं असतं तर काही बिघडलं नसतं, मध्य आपल्या जागीच राहिला असता. पण पूर्वेचा अर्धा भाग बरोबर साखळीने मोजला होता आणि पश्चिमेचा अर्धा भाग या साखळीने. पश्चिमेला तीन मैल, म्हणजे दोनशे चाळीस साखळ्या, आणि दर साखळीमागे एक कडी हिशेबातून गळालेली. असाहेलने तिथेच मातीत काडीने आकडे मांडले. पश्चिम भाग जवळपास एकशे साठ फूट जास्त भरत होता, म्हणजे गावाचा खरा मध्य त्याच्या निम्मा, ऐंशी फूट पश्चिमेला सरकत होता. मध्याची खुंटी ओढ्याच्या अलीकडे, पूर्वेला, वीस पावलांवर ठोकलेली होती. ऐंशी फूट म्हणजे ओढ्यापलीकडे.

ओढ्याची कुठली बाजू, यावरच न्यू हॅरो गाव दोन वर्षं भांडत होतं. समुद्रापलीकडच्या इंग्रज राजाची सत्ता झुगारून चार वर्षं झाली होती. त्याच वसंतात राज्याच्या नव्या घटनेचं एकेक कलम सभेत वाचून गावाने आपल्या हरकती लिहून पाठवल्या होत्या. पण प्रार्थना आणि गावसभा दोन्ही जिथे भरायच्या ते सभाघर कुठे बांधायचं, हे ठरत नव्हतं. बर्फ वितळलं की ओढा पूल बुडवतो, मग पलीकडच्यांची प्रार्थनाही बुडते आणि मतही. शेवटी पश्चिमेकडच्यांनी वेगळं गाव मागायची धमकी दिली, तेव्हा दोन्ही बाजूंनी गावाच्या वहीत लिहून दिलं: साखळी सांगेल तो मध्य, आणि तो सर्वांना मान्य.

असाहेलचं घर पूर्वेला. त्याची आई मेहिटेबल गुडघ्यांनी अधू होती. खुंटी ठोकली त्या दिवशी ती काठी टेकत दारापासून तिथवर चालून आली होती. चारशे बारा पावलं, असं तिने दोन-तीन शेजारणींना सांगितलंही होतं.

तो आधी सभाध्यक्ष आणि चर्चचे कारभारी, डीकन ओबेड स्टर्जिस यांच्याकडे गेला. डीकनने शांतपणे सगळं ऐकलं. उद्या साठ माणसं येणार होती, बायकांनी वाळवलेल्या भोपळ्याचं सारण भरलेल्या पाई भाजायला घेतल्या होत्या.

"ऐंशी फूट," ते म्हणाले. "देवाला त्याने काय फरक पडतो रे?"

"देवाला नाही पडत, डीकन. मॅक्लॅरीला पडतो."

आर्चिबाल्ड मॅक्लॅरी म्हणजे पश्चिमेचा पुढारी. डीकनने हातातली टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर तूच सांग. मी सांगितलं तर लोक ती माझी चाल समजतील."

घरी आईला त्याने सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. तिने हात थांबवले नाहीत. पूल पार करायला किती पावलं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुळयांच्या ढिगावर उभं राहून त्याने चूक सांगितली. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. मायका म्हणाला की कामात काटकसर करणाऱ्या लोहारावर लोक रागावतात हे ऐकून होतो, जास्त काम केल्याबद्दल आज पहिल्यांदाच. मॅक्लॅरीने साखळी मागून घेतली आणि गुडघ्यावर बसून कडी न् कडी स्वतः मोजली.

"एकशे एक," तो म्हणाला. "तुझ्या आईचं घर कुठल्या बाजूला रे?"

"पूर्वेला."

मॅक्लॅरीने साखळी नीट दुमडून परत दिली.

पूर्वेकडचे काही जण म्हणाले, जमलोच आहोत तर सभाघर इथेच ठेवायचं का यावर आत्ताच मत घ्या, आपण जास्त आहोत. डीकनने नकार दिला. सात दिवस आधी सूचना लावल्याशिवाय घेतलेलं मत हे मत नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग लोकांनी पाई खाल्ल्या, सफरचंदाचं सायडर प्यायले आणि तुळया तिथेच टाकून घरी गेले.

सात दिवस असाहेलशी पूर्वेला कोणी धड बोललं नाही. सभा डीकनच्या खळ्याच्या कोठारात भरायची होती आणि प्रश्न एकच होता: सभाघर ओढ्यापलीकडच्या खऱ्या मध्यावर न्यायचं का? मत नेहमीसारखं मडक्यात टाकायचं: होकाराला मक्याचा दाणा, नकाराला घेवड्याचा. निघताना आईने बियाण्याच्या मडक्यातून एक टपोरा दाणा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"मला मत नाही," ती म्हणाली, "पण मका माझा आहे."

पूर्वेचे चव्वेचाळीस जण आले होते, पश्चिमेचे एकोणतीस. डीकनने दाणे टेबलावर ओतून दहा-दहाचे ढीग केले. मका अडतीस, घेवडा पस्तीस. पूर्वेच्या निदान नऊ जणांनी मका टाकला होता. ते कोण, हे कोणी विचारलं नाही.

सभा उठायच्या आत मॅक्लॅरी उभा राहिला. गावची मोकाट डुकरं पकडून त्यांच्या नाकात कडी घालणारा डुक्करराख्या सैन्यात गेल्यामुळे जागा रिकामी आहे, तिथे थर्लोला नेमावं, असं त्याने सुचवलं. या नेमणुकीत मानापेक्षा थट्टाच जास्त, पण गावाने नेमलेल्याला नाही म्हणता येत नसे. कोठारभर हात वर झाले, पूर्वेचे आणि पश्चिमेचेही.

"नाकात कडी घालताना मोजून घाल," मॅक्लॅरी म्हणाला. "दर डुकराला एकच."

असाहेलने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. सात दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू आलं.

जूनअखेर सांगाडा ओढ्यापलीकडे उभा राहिला. फळ्या ठोकायच्या राहिल्या होत्या, तरी त्या रविवारी प्रार्थना तिथेच ठरली. असाहेल आईचा हात धरून पुलापाशी आला तर पुलाला एका बाजूने नवा, साल काढलेला कठडा बसवलेला होता. लाकूड मॅक्लॅरीच्या रानातल्या चेस्टनटचं होतं.

मेहिटेबलने त्याचा हात सोडून कठडा धरला. ती सावकाश चालली, ओठांनी मोजत. पलीकडे पोचल्यावर तिने शेवटचा खांब काठीने ठोकून पाहिला.

"एकोणीस पावलं," ती म्हणाली. "आणि हा खांब हलतोय. पुढच्या सभेत मांड."