शिवेवरची दोन मिनिटं

"कारण काय टाकू, मामा? यादीत आपल्या कामाची दोनच हायती. दवाखाना, न्हाईतर मयत."

मुरुडच्या ई-सेवा केंद्रातल्या माणसाचं बोलणं उज्वलाला नायगावात बसून स्पष्ट ऐकू येत होतं. पास मिळतो की नाही ते लेकीलाही कळावं म्हणून अण्णांनी फोन चालू ठेवूनच खिशात टाकला होता.

"नात बघायला चाललोय, असं टाक," अण्णा म्हणाले.

"तसा रकाना न्हाई."

"मग रकाना नसलेल्या माणसानं कुठं जायचं?"

"माझ्यावर कामून चिडून राहिलाव, मामा? तीनदा भरला, तीनदा उडाला. मयत टाकलं की घंटाभरात येतंय. कुणाचंबी नाव टाका. कोण बघायलंय?"

मग मायचा आवाज आला. "मंग माझंच टाका की. उज्वलाला म्हणावं तिकडून भर, माय मेली म्हणून. लेकीला सोडतेतच. ती आली की मी उठून बसते."

केंद्रातला माणूस हसला. अण्णा हसले नाहीत. "चल घरी, गंगम्मा," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला.

दोन हजार वीसचा जुलै होता तो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात मुरुडला जायची पिशवीही भरून ठेवली होती, आणि त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. शिवलीला नायगावातच जन्मली. नांदेडची टाळेबंदी उठली की लातूरची लागायची, लातूरची उठली की नांदेडची. सकाळी एक आदेश, संध्याकाळी त्याची दुरुस्ती. उज्वला बीएस्सी झालेली. प्रत्येक आदेश ती नीट वाचायची, पेन्सिलनं खुणा करायची, आणि वाचून झाल्यावर आधीपेक्षा जास्त घाबरायची.

अण्णांना कशाचं नवल वाटत असेल तर त्या शिवेचं. मल्लिनाथ कंडक्टर म्हणून चोवीस वर्षं ते लातूर-नांदेड गाडीवर होते. ही हद्द त्यांनी दिवसातून दोनदा ओलांडलेली, आणि तिथं काही असतं हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ते उज्वलाला गाडीवर न्यायचे. पुढच्या सीटवर खिडकीशी बसून ती अण्णांच्या घंटीकडे कान लावायची. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. चाकूर, अहमदपूर, लोहा. गावांची नावं ती त्या घंट्यांवरच शिकली. संध्याकाळी मुरुडच्या स्टँडवर उतरलं की माय धपाट्यांचा डबा घेऊन उभी असायची, घरी पोचेपर्यंत पोरीला भूक निघायची नाही म्हणून. आणि मायच्या हाताला नेहमी तेलाचा वास. गल्लीत कुणाचंही लेकरू जन्मलं की पहिले दीड महिने त्याला न्हाऊ घालायला मायलाच बोलवायचे. लांब पाय पसरून, लेकराला नडगीवर पालथं घेऊन ती असं काही चोळायची की रडणारं लेकरू मध्येच झोपून जायचं. "माझी नात येऊ द्या," ती बायकांना म्हणायची, "मग बघा कसं न्हाऊ घालते." त्या वर्षी मात्र मायला आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला जावं लागत होतं. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. अण्णांनी ते उज्वलाला सांगितलं, आणि म्हणूनच हा पासाचा खटाटोप.

पास आला नाही. पण एसटीनं त्या दिवसांत मालवाहतूक सुरू केली होती. अण्णांचे जुने ड्रायव्हर बसवंत सोयाबीनचं बियाणं घेऊन नांदेडला निघाले होते. त्यांनी अण्णा-मायला हद्दीपर्यंत आणायचं कबूल केलं. माहेरचा पाळणाही पोत्यांवर चढवला. इकडून उज्वलाच्या नवऱ्यानं, बालाजीनं, मित्राची गाडी मागून घेतली, आणि सव्वा महिन्याच्या शिवलीलाला घेऊन उज्वला हद्दीवर पोचली.

रस्त्याला आडवी दोरी, एक मांडव, एक पोलीस, आणि खुर्चीत रजिस्टर घेऊन बसलेले एक गुरुजी. शाळा बंद, म्हणून गुरुजींना इथं बसवलं होतं. दोन्ही अंगांना माणसं अडकून पडली होती. गुरुजी कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावत होते, आणि ते प्रत्येकाला ब्याण्णव दाखवत होतं.

"ह्याच्या हिशोबानं तर आपण समदे कवाच गार पडलोत," मागून कुणीतरी म्हणालं.

"दारूची दुकानं उघडली. लेकीच्या घरचा रस्ता तेवढा बंद."

"सायबांच्या गाडीला हे यंत्र लावा की, गुरुजी. तिथं हात थरथरतो व्हय?"

गुरुजी मान खाली घालून आकडे लिहीत होते.

बसवंतमामांची गाडी आली. पोलिसानं मालाचा कागद बघितला आणि दोरी खाली सोडली. गाडी अलीकडं आली. पोत्यांवरचा पाळणा अलीकडं आला. अण्णा आणि माय तिकडंच उतरले होते. दोरी पुन्हा वर झाली.

"पाळणा चालतो, पाळणा देणारी न्हाई," माय मोठ्यानं म्हणाली. लोक हसले. पोलीसही हसला. "मावशे, आमी काय आमच्या मनानं करून राहिलोत का?"

माय किती वाळली होती. तोंडाला पदर आणि वर मास्क, त्यातून नुसते डोळे दिसत होते. उज्वलाचे पाय दोरीपासून दहा पावलांवर थांबले.

गुरुजींनी मान वर केली तेव्हा त्यांना अण्णा ओळखू आले. "कंडक्टर, तुम्ही? सहा वर्षं तुमच्या गाडीनं शाळेला गेलो मी." त्यांनी पोलिसाकडे पाहिलं. पोलिसानं घड्याळाकडे पाहिलं. "सायबाची गाडी आताच होऊन गेलीय. दोन मिनिटं. मी चहा घेतो." गुरुजी म्हणाले, "मी लिहितोय. मला काही दिसत नाही."

दोरी कुणीच सोडली नाही. तशी गरजही नव्हती. कमरेएवढीच होती ती.

मायनं पिशवीतून साबणाची वडी काढली. अण्णांनी बाटली तिरकी धरली. रस्त्याच्या कडेला वाकून तिनं कोपरापर्यंत हात धुतले. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. वाळवायला हात हवेत धरून ती दोरीशी आली. दोन्ही हात तिनं दोरीवरून पुढं केले.

उज्वला हलली नाही.

सकाळीच तिनं वाचलं होतं, लातूरला डायलिसिसचे दोन पेशंट पॉझिटिव्ह निघाले म्हणून. कुठल्या दवाखान्यात ते लिहिलं नव्हतं. सव्वा महिन्याचं लेकरू. ह्या रोगानं लेकरांचं काय होतं हे कोणालाच धड माहीत नव्हतं, आदेशातही नव्हतं.

"दे की," बालाजी हळूच म्हणाला.

तिनं लेकराला छातीशी आणखी घट्ट धरलं. आपण असं करतोय हे तिला कळत होतं, आणि हात सैल होत नव्हते.

मायनं तिच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग पुढं केलेले हात तिनं मागं घेतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. झोपलीया. कशाला झोपमोड करायची?"

शिवलीलाचे डोळे टक्क उघडे होते.

"नाक अण्णावर गेलंय," माय म्हणाली. "बरं झालं, रंग तरी न्हाई गेला." तिनं लांबूनच ओवाळल्यासारखे हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. पोलीस चहा संपवून आला.

श्रावण सरता सरता माय गेली. त्यानंतर आठवड्याभरात एसट्या सुरू झाल्या. एसटीला पास लागणार नव्हता, खासगी गाडीला लागणार होता; पुढं पंधरा दिवसांनी तोही बंद झाला. असं का, ते कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून त्या दिवसांची गोष्ट निघाली की उज्वला म्हणायची, "सरकारनं माझ्या मायला नात घेऊ दिली नाही." बसमध्ये, लग्नात, शाळेच्या फाटकाशी. ऐकणारे माना डोलवायचे, आपापलं सांगायचे. ती सांगायची ते खोटं नव्हतं. यादी होती, दोरी होती. फक्त ती दोन मिनिटं ती कधी सांगत नसे. बालाजीनंही त्यांचा विषय कधी काढला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शिवलीलाला घेऊन मुरुडला आली. अण्णा आता निवृत्त झालेत. सकाळी ओट्यावर बसतात; येणारीजाणारी गाडी आवाजावरून ओळखतात. उज्वला उंबऱ्याशी बसून गहू निवडत होती. समोरच्या घरी नवं लेकरू आलं होतं. शिवलीला ते बघून धावत आजोबांकडे आली.

"तात्या, त्या आज्जीनं बाळाला घेतलंय. माझ्या आज्जीनं मला घेतलं होतं का?"

उज्वलाचा हात गव्हातच राहिला. खरं सांगावं असं तिच्या मनात आलं, आणि ती पुन्हा खडे वेचू लागली.

अण्णांनी लेकीकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "हाव. घेतलं की."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"एवढंच?"

"तेवढाच टाइम होता, माय."

"दोन मिनिटं म्हणजे किती?"

अण्णांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. तिचे लांब पाय ओट्याखाली लोंबत राहिले. त्यांनी दोन्ही हात तिच्याभोवती धरले आणि तसेच बसून राहिले. समोरून लातूरची गाडी गेली. ती कुठली हे त्यांनी आज सांगितलं नाही. गहू निवडून झाले, ऊन ओट्यावर चढलं. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण त्यांनी तिला खाली उतरवलं नाही.