पाहणाऱ्याचं नाव

सायकल स्टँडच्या कडेला श्रीहरी उकिडवे बसले आणि अझेलियाच्या झुडपाखालच्या बिळातून काय बाहेर येतं ते पाहू लागले. आधी एक काळी माशी आली, मखमली, पोटाच्या टोकाला नारिंगी. मागोमाग तशीच दुसरी. त्यांनी वहीत दोन रेघा ओढल्या. पाठीमागे फवारणीवाल्याची व्हॅन येऊन थांबली, तेव्हा पेन्सिल कागदावरच थबकली.

नोटीस चार दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये लागली होती. त्यांच्या मुलीने, सुरुचीने, ती वाचून दाखवली होती. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर माश्यांचं घर आहे, शनिवारी सकाळी दहाला काढून टाकण्यात येईल. श्रीहरींनी फक्त वार-वेळ वहीत टिपून घेतली होती. कऱ्हाडच्या कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाने टोकियोतल्या चौदा मजली इमारतीला काय शिकवायचं?

शिवाय महिन्यापूर्वीची फजिती होतीच. याच झुडपापाशी त्यांना एक मोठी काळी माशी दिसली होती, पाठीवर पिवळी लव असलेली. हा आपल्याकडचा भुंगा, आणि भुंगा म्हणजेच बंबलबी, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. नातीला, जुईला, त्यांनी तसं ठासून सांगितलं. तिने चित्र काढून शाळेत नेलं. बाई म्हणाल्या, ही तर लाकूड पोखरणारी. पोट बघ, तुळतुळीत आहे. बंबलबीचं पोट केसाळ असतं. वर्ग हसला. जुई दोन दिवस आजोबांशी धड बोलली नाही. तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि ‘पाहणारा’ हा रकाना कोरा.

“आजोबा, ते आले!” जुई धावत आली. “ओकुबो-सानना सांगा ना, मला सांगितलंत ते.”

“मी काय सांगणार? मला कुठे जपानी येतं?”

“मग मी कशाला आहे?”

ओकुबो-सान इमारतीची देखरेख करायचे. फवारणीवाल्याशी बोलून ते इकडेच आले. श्रीहरी गडबडीने उठले आणि वाकले.

“सांग त्यांना,” ते जुईला म्हणाले, “या बंबलबी. कालपासून पिवळे दिसायला लागलेत, ते नर. नर निघाले की घर संपत आलं म्हणायचं. दोन-तीन आठवड्यांत आपोआप रिकामं होईल. नराला नांगी नसते. काळ्या माद्या डसतात, पण घर डिवचलं तर. हेही सांग.”

जुईने सांगितलं. ओकुबो-सान शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

“नक्की का, म्हणतायत.”

श्रीहरींनी वहीकडे पाहिलं. पानभर प्रश्नचिन्हं.

“बहुधा,” ते म्हणाले.

जुई वळली आणि म्हणाली, “झेत्ताई!”

हा शब्द श्रीहरींना चांगला ठाऊक होता: अगदी शंभर टक्के. भोपळ्याची भाजी खाणार नाही म्हणजे नाही, असं आईला सुनावताना जुई तो रोज वापरायची. ते तिला अडवणार, तोच तिने ओकुबो-सानांच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या आणि फुलावर बसलेल्या पिवळ्या माशीकडे सरळ हात नेला.

“थांब.”

हात थांबला, पण मागे गेला नाही. ती आजोबांकडे पाहत होती.

श्रीहरींनी गुडघे जमिनीला टेकले, चष्मा कपाळावर सरकवला. पोट केसाळ. पिवळं, टोकाला नारिंगी. तोंडावरही पिवळी लव. मागच्या पायांना परागाची गोळी? नव्हती. त्यांनी पुन्हा पाहिलं. पलीकडे फवारणीवाला हातमोजे चढवत होता. त्यांनी तिसऱ्यांदा पाहिलं.

मग जुईचा हात बाजूला करून त्यांनी स्वतःची मूठ त्या फुलावर मिटली.

आत गुणगुण सुरू झाली. मनगटापर्यंत जाणवत होती. ओकुबो-सान मुठीकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. थोड्या वेळाने श्रीहरींनी बोटं उघडली. माशी तळव्यावर क्षणभर बसली, पुढच्या पायांनी तोंड पुसलं आणि उडाली.

ओकुबो-सान व्हॅनकडे गेले. परत आले ते दोरीचं वेटोळं घेऊन. जूनच्या अखेरपर्यंत ही बाजू बंद ठेवू, पाटी लावू, असं म्हणाले.

वर घरात आल्यावर श्रीहरींनी हात धुतले, पुष्कळ वेळ.

“मी बहुधा म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“माहितीये.”

“मग?”

“मी बहुधा म्हटलं असतं तर त्यांनी फवारलंच असतं. आणि आजोबा, मागच्या वेळी तुम्ही नक्की म्हणालात, तेव्हाच तर चुकलात.”

त्यांनी वही उघडली. शनिवार. पिवळा नर, एक. सवयीने पुढे प्रश्नचिन्ह पडलंच. ते तसंच राहू दिलं. मग ‘पाहणारा’च्या रकान्यात सावकाश लिहिलं, जुई, आणि वही तिच्यासमोर ठेवली.

स्वतःचं नाव तिला मराठीत वाचता येत होतं. तिने ते वाचलं, पुढे अधिकचं चिन्ह काढलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात परत दिली.