हेल्मीच्या हातातला पट्टा

घरोघरी जाऊन माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हे डेल्फीनचं काम. फिजिओथेरपिस्ट म्हटलं की लोकांना मालिश आठवायचं आणि तिचं डोकं फिरायचं. तिचं खरं हत्यार म्हणजे रोग्याच्या कमरेला बांधायचा एक जाड कापडी पट्टा. तो मागून धरायचा, माणूस सावरला की पकड सैल करत न्यायची आणि एके दिवशी त्याच्या नकळत हात काढून घ्यायचा. धरता कुणालाही येतं, शिकावं लागतं ते सोडायला.

रेनो सारेलाच्या घरी मात्र पट्टा तिच्या हाती लागलाच नाही. रेनो म्हणजे बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतला जुना कामगार, हाडाचा फिनिश, म्हणजे फिनलंडच्या रक्ताचा, आणि हट्टाला पेटला की देवाचंही न ऐकणारा. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा डावा पाय लुळा पडला होता. त्याची बायको हेल्मी त्याच्याहून सवाई. पट्टा कसा धरायचा ते डेल्फीननं एकदा सांगितलं मात्र, बाईनं तो जो घेतला तो घेतलाच.

"जन्मभर या खोंडाला मीच आवरलंय," हेल्मी म्हणाली. "आता दोरी परकीच्या हातात देऊ होय?"

डेल्फीनलाही हसू आलं. आठवड्यातून दोनदा ती यायची, रेनोच्या समोर उलट्या पावलांनी चालत त्याच्या पायांवर नजर ठेवायची. पाय नीट पडत होते. मागे हेल्मी, एवढीशी बाई, पट्ट्याला नुसता हात लावल्यासारखी चालत असायची. उन्हाळा सरता सरता रेनो अंगणापलीकडच्या सौनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, जाऊन यायला लागला. अशी सुधारणा डेल्फीननं क्वचितच पाहिली होती. तिनं समाधानानं आपल्या फेऱ्या थांबवल्या. हेल्मीनं त्या दिवशी वेलची घातलेला गोड पाव भाजला होता.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात हेल्मी स्वयंपाकघरात कोसळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मुलीचा, कार्लाचा फोन आला. बाबांनी अंथरूण धरलंय, दुःखानं त्यांचे पाय गेले, तुम्ही येता का, म्हणून. आणि बाबांनी एकच धोशा लावला होता. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला शवपेटीमागे चालत जाऊन कबरीपर्यंत पोचवलं होतं, तसंच हेल्मीला पोचवायचं. चाकांच्या खुर्चीत बसून नाही.

डेल्फीन लगोलग गेली. पट्टा बांधला, मागे उभी राहिली आणि त्या घरात पहिल्यांदाच तो स्वतःच्या मुठीत धरला. रेनो उठला तसा त्याच्या डाव्या अंगाचा सगळा भार तिच्या मनगटावर आला. तिनं मांडी चाचपली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला होती तशीच ती मऊ आणि पातळ होती. दुःखानं माणूस खचतो, पण एका रात्रीत मांडी झिजत नाही. हा पाय कधी सुधारलाच नव्हता.

"दुःखानंच ना गं?" रेनोनं विचारलं.

ती हो म्हणाली. दुसरं काय सांगणार?

स्वयंपाकघरात कार्लाशी बोलताना उरलंसुरलं उलगडलं. आईचा खांदा उन्हाळाभर ठणकत होता, रात्र रात्र ती बसून काढायची. डेल्फीनला सांगायचं नाही, ती पट्टा काढून घेईल, अशी तिनं मुलीला शपथ घातली होती. ऐकून डेल्फीनला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. इतके दिवस ती पाय बघत राहिली होती, आणि चालत होते हेल्मीचे हात.

दफनाच्या दिवशी चर्चच्या दारापासून डेल्फीननं पट्टा धरला. रेनोला आज चालवायचंच, मग कंबर मोडली तरी बेहत्तर, असं तिनं ठरवलं होतं. पुढे शवपेटी, मागे रेनो, त्याच्यामागे ती. खुर्ची घेऊन कार्ला बाजूनं येत होती. बर्फ झाडून वाट केली होती, पण ती चढाची होती. अर्ध्यावर डेल्फीनला धाप लागली. रेनो थांबला.

"तू उचलतेयस मला."

"थोडासा आधार आहे, इतकंच."

"मी जन्मभर ओझी वाहिलीत, पोरी. मला शिकवू नकोस." तो पुढे बघतच बोलत होता. "हेल्मीसुद्धा उचलायची?"

खोटं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज."

  पुढे पाद्री थांबला, वळून बघू लागला. रेनोनं हातानंच सगळ्यांना पुढे जायला सांगितलं.

"बसव मला," तो म्हणाला.

"थोडंच राहिलंय. मी नेते तुम्हाला."

"नको. फार जड आहे गं मी. आणि तिला एकदाही म्हणालो नाही, की पुरे आता, जरा बस."

कार्लानं खुर्ची पुढे केली. शवपेटी तोवर कबरीपाशी पोचली होती.